काळा पडलेला बार

४ फेब्रुवारी
पिवळा तो पिवळाच. लॅबमधल्या ताईचे निकेलचे कण आजही मेलेले निघाले. कृती माझीच, बाटल्याही माझ्याच — नायट्रोजनखाली निकेल क्लोराइडमध्ये बोरोहायड्राइड थेंबथेंब. काळा गाळ व्यवस्थित पडला. पण नायट्रोफिनॉलच्या पिवळ्या द्रावणात टाकल्यावर ढिम्म. माझे कण तोच रंग चहा गाळेपर्यंत उडवतात.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कृती तीच, रसायनं तीच. मग दोष कुणाच्या हातात?" ताई म्हणाली, "हात बदलून मिळतात का बघते, सर." कुणी हसलं नाही.

पुढच्या बुधवारी समिती. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं. शेजारच्या बाकावर बसून मला पहिल्यांदा पिपेट धरायला तिनं शिकवलं — आणि तिला बुडवणारा निकाल माझा आहे.

५ फेब्रुवारी
झोप नाही.

६ फेब्रुवारी
दोघींच्या बाकांवर सगळं सारखं. फक्त ढवळायचा बार वेगळा, भांड्यात फिरतो तो चुंबकाचा तुकडा. ती दर वेळी नवा घेते. माझा जुना, काळा पडलेला. निकेल चुंबकाला चिकटायचंच, म्हणून त्या डागाकडे मी कधी पाहिलं नाही. आज बार आम्लात ठेवला. निकेल विरघळून जायला हवं होतं. डाग हलला नाही.

मग निकेल अजिबात न घालता नुसता बार पिवळ्या द्रावणात फिरवला.

रंग गेला.

माझ्या आधी या बाकावर पॅलेडियमचं काम चालायचं. बारच्या ओरखड्यांत तेच बसलंय. म्हणजे पॅलेडियमचं काम मी निकेलच्या नावावर खपवत आले. सरांच्या आणि माझ्या नावानं पेपर छापूनही आलाय.

बार पुसला. जागेवर ठेवायचा, तर खिशात टाकला.

७ फेब्रुवारी
"जेवलीस का गं? चेहरा बघ, नायट्रोफिनॉल प्यायल्यासारखा." — ताई.
सांगायला तोंड उघडलं. "भूक नाही," एवढंच निघालं. हात खिशातच होता.

९ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. बार त्यांच्या हातात दिला.

ओरडतील म्हणून घाबरले होते. ते हळू बोलले, त्याची जास्त भीती वाटली. "कुणाकुणाला सांगितलंस?" कुणालाच नाही. "शहाणी आहेस. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. समितीत विषय मी काढतो. तू फक्त ये."

बाहेर आले. सुटल्यासारखं वाटलं.

१० फेब्रुवारी
बार कुठे ठेवलाय, विचारायचा धीर होत नाही. सर जिन्यात भेटले. हसले. माझ्याकडे बघून ते आजवर कधी हसलेले नाहीत.

ताईला अजून सांगितलेलं नाही. सर सांगणारच आहेत — असं दिवसभर स्वतःला समजावतेय.

११ फेब्रुवारी
ताई राहिली.

सरांनी शब्द पाळला, विषय त्यांनीच काढला. बार टेबलावर ठेवून म्हणाले, "हा या मुलीनं लपवून ठेवला होता. मला तिच्याकडून काढून घ्यावा लागला."

सगळे माझ्याकडे वळले. ताईही.

खोटं आहे, असं म्हणता आलं नाही. सरांना देण्याआधी तीन दिवस तो माझ्याच खिशात होता.