सातचं बटण

गुरुवार, संध्याकाळ. वसमत

महिनाभर माझ्या टर्मिनलवरून हिंगोलीच्या ऑफिसला हळदीच्या लॉटचे नंबर चुकीचे जाऊन राहिले होते. एका सातचे दोन सात. मला कायम करायचं पत्र साहेबांनी त्यापायीच अडवलं. शेजारच्या टेबलवरच्या वंदनाताई पाठीवर हात फिरवून म्हणायच्या, "हात जरा हळू चालव गं." मी हळू चालवला. तरी दोन सात.

आज मेकॅनिक आला. लाइन बराबर निघाली. मग त्यानं माझ्या की-बोर्डवर सात एकदाच दाबला, पडद्यावर दोन उमटले. "बटण अडकून राहिलं मॅडम. आत हळदीची धूळ हाय. लई जुना दिसतो हा."

जुना? माझा तर दसऱ्याच्या आधी नवा आला होता! मी उलटा करून पाहिला. खंडेनवमीला आमी मशीनची पूजा करतो, तवा माझ्या की-बोर्डला मागून कुंकू लावलं होतं. इथं मागं कोरं. कुंकू निघालं वंदनाताईंच्या की-बोर्डला.

"माझ्यावर आधीच दोन मेमो होते गं," एवढंच बोलल्या. खाली बघून.

बदलला, ते एक वेळ समजून घेईन. पण बदलून वर मलाच हात हळू चालवायला सांगायचं? रोज? माझ्याच डब्यातलं खात?

आणि ते कुंकू. खंडेनवमीला ताट त्यांच्याच हातात होतं. माझा की-बोर्ड उलटा करून म्हणाल्या होत्या, "मागून लावते, म्हंजे पुसायचं न्हाई."

पुसलं न्हाईच.