क्योटोचे अडीच दिवस

डब्लिन, ओहायो
ऑक्टोबर १९८७

प्रिय मधू,

तुला जाऊन आठ महिने झाले आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायचं काय, आणि टाकायचं कुठल्या पेटीत? पण काल दुपारी जपानहून पत्र आलं. आता तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि भांडायला घरात दुसरं कोणी नाही.

आधी सगळं नीट सांगते. गेल्या महिन्यात रेणू बॉस्टनहून आली होती. आपल्या प्लॅनची पिवळी पानं अजून फ्रिजवर बघून म्हणाली, "मॉम, यू शुड स्टिल गो." म्हटलं, लेक म्हणते ते खरं, जावं. इंडियाला जाताना या वेळी पश्चिमेकडून जायचं, वाटेत क्योटो, अडीच दिवस. चार वर्षं आपण हेच ठरवत होतो ना? फाइलमध्ये तुझ्या अक्षरात एका छोट्या, चटयांच्या खोल्यांच्या हॉटेलचा पत्ता होता. तिथे पत्र टाकलं. लिहिलं, माझे यजमान आता नाहीत, मी एकटीच येणार.

मालकीणबाईंचं उत्तर आलं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. लिहितात, फार वाईट वाटलं, मिस्टर जोशी आमच्याकडे तीनदा राहिले, फार सभ्य गृहस्थ. बागेकडची खोली आवडायची. भात मऊ लागायचा, त्यावर स्वतःच्या बाटलीतली पिवळी पूड घालून खायचे. आणि शेवटी: तुम्हाला प्रवास सोसत नाही असं ते सांगायचे, आता येताय म्हणजे तब्येत सुधारली असणार, आनंद झाला.

मला प्रवास सोसत नाही? मला? फ्लोरिडापर्यंत ड्राइव्ह कोणी केलं होतं, तू मागच्या सीटवर घोरत होतास तेव्हा?

तीनदा, मधू. म्हणजे कंपनीच्या कामाने नागोयाच्या फॅक्टरीत जायचास, त्या प्रत्येक ट्रिपला तिथून क्योटो. परत आलास की मी विचारायची, काय काय बघितलंस? तू बूट काढता काढता म्हणायचास, "काही नाही गं, नुसत्या मीटिंगा." मला तुझी कीव यायची. पुढच्या वेळी मी मेतकूट जास्त द्यायची, झाकणाखाली प्लॅस्टिक लावून, बॅगेत सांडू नये म्हणून. तुझं त्या गावाशी मेतकूट जमलं होतं, आणि ते भाजून दळून मीच देत होते! हसू येतंय का तुला? मला काल आलं, आणि मग बराच वेळ रडले.

पत्र वाचून तोंडात पहिला शब्द आला तो "अहो". लग्नानंतर दोन वर्षं मी तुला अहो म्हणायची. इथे आल्यावर तूच ते बंद केलंस, "आपल्या दोघांत कसलं अहो-जाहो?" कालचं अहो ते नव्हतं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात, ते होतं.

रविवारी जेवणं झाली की आपण टेबलावर नकाशा पसरायचो. मी लायब्ररीच्या पुस्तकातून वाचायची, तू ऐकायचास, अगदी नवख्यासारखा. एकदा म्हणालास, "सोनेरी देऊळ सकाळी उघडताच बघायचं. नंतर शाळेच्या पोरांची गर्दी होते." तुला कसं ठाऊक, असं मी विचारलं. "पुस्तकातच असेल कुठेतरी." मी ते वाक्य शोधलं होतं रे. अख्खं पुस्तक दोनदा चाळलं. वाटलं, माझ्याच नजरेतून सुटलं असेल.

तू बघून आलास याचा एवढा राग नाही. सांगितलं असतंस तर मी दोन दिवस गाल फुगवून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी सगळं खोदून खोदून विचारलं असतं. पण दर वर्षी प्लॅन तूच कॅन्सल केलास. आधी तुझ्या आईंचं ऑपरेशन, मग रेणूचं कॉलेज, मग म्हणे रजाच नाही. आणि मी वेडी उलट तुझीच समजूत काढायची, "असू दे, पुढच्या वर्षी जाऊ." तुला माझ्याबरोबर जायचंच नव्हतं का? की एखादं गाव एकट्याचं हवं होतं? तसं म्हणायचं होतंस. मला आजारी कशाला पाडलंस?

रेणूला मी काही बोलले नाही. तिचे बाबा तिच्यापुरते आहेत तसे राहू देत.

मालकीणबाईंना उत्तर लिहिलंय. येते आहे, बागेकडची खोली नको, दुसरी कुठलीही चालेल. तब्येत उत्तम आहे, पहिल्यापासूनच होती. आणि मेतकुटाची बाटली भरून ठेवलीय, या वेळी माझ्यासाठी.

तुला मात्र एक शब्द देते. सोनेरी देऊळ मी सकाळी उघडताच बघणार. सगळंच बघणार, सावकाश. परत आल्यावर हॉलमधल्या तुझ्या फोटोसमोर उभी राहीन. तू विचारशील, काय काय बघितलंस? मी बूट काढता काढता सांगेन, "काही नाही रे, नुसती देवळं."

तुझी (सवयीने लिहिलं गेलं, राहू दे)
शैला