पाळीवरून परतल्यावर

आमगाव,
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

चि. पुष्पांजली,
अनेक आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. फारकतीच्या कागदावर तुझी सही होऊन सहा महिने झाले, हे हाताला अजून कळत नाही.

इकडे सर्व बरं आहे. धान घरात आलं. शेताच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवंगार झालं आहे. हिमांशु दुकानात जातो-येतो. माझी शुगर अडीचशेवर गेली होती, आता एकशेसाठवर आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. तूही सांगायचीस, जेवण झाल्यावर मला अंगणात फिरवायचीस. तेव्हा मी कुरकुरायची. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले.

आपली शेजारीण वच्छला मला एका मंडळात घेऊन गेली. गोंदियाचे ईश्वरदासजी, बँकेतून रिटायर झालेले, दर रविवारी पंधरा-वीस जणांना खेड्यापाड्यांतून पायी फिरवतात. गेल्या रविवारी दवनीवाड्याहून निघायचं होतं. मी एकाही माणसाला ओळखत नव्हते. पायात नवी चप्पल. वच्छलाच्या मागे लपून उभी राहिले, तर ईश्वरदासजी म्हणाले, "जो सबसे धीरे चलेगा, वो सबसे आगे. चलिए माताजी!" आणि मलाच पुढे केलं. माझ्या चालीनं सगळे चालले. उभ्या जन्मात मी कुणाच्या पुढे चालले नव्हते, पुष्पा.

बांध्यांमधल्या धुऱ्यावरच्या पायवाटेने दोन तास चाललो. मग एका जुन्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर, डबे उघडले. कुणी पोपट वालाच्या शेंगा उकडून आणल्या होत्या, कुणी चिवडा. ज्यांची नावंही धड ठाऊक नव्हती, ते आग्रह करकरून वाढत होते. माझ्याजवळ सुमित्राबाई म्हणून एक बाई बसल्या होत्या. गाव देवरीकडचं, सध्या लेकाकडे गोंदियाला आलेल्या. बोलता बोलता त्यांनी नातीची गोष्ट काढली.

"पावसाळ्यात माह्या पोरीले कळा सुरू झाल्या. नाल्याले पूर, गाडी येऊन नाही राहिली. मंग आमची सिस्टर दोघाईचे हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून आली. लेकरू निघालं, पण रडेच ना. तिनं पाठ चोळू चोळू रडवलं त्याले. आता गुंजन खिदखिद हासून राहिली."

"कोणती सिस्टर?" कुणीतरी विचारलं.

"पुष्पांजली सिस्टर. आमगावची सून होती म्हणतेत. असी पोरगी ज्या घरातून गेली, त्या घरच्याईले पाहाले डोरे नसतीन!"

सगळे हसले. वच्छलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती बोलणार नव्हती. मीही गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. हातातला घास डब्यात ठेवला. तुझी बॅग हिमांशुने अंगणात ठेवली तेव्हा मी अशीच गप्प होते, दाराची चौकट धरून. तू एकदा माझ्याकडे वळून पाहिलंस. मी तुळशीकडे बघत राहिले.

कसा कोण जाणे, आवाज निघाला. "ते घर माहं आहे. मी तिची सासू. तिले नोकरीचा कागद आला म्हणून माह्या पोरानं तिले काढली, आन् मी दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही."

 मला वाटलं, आता उठून एकटीनेच परत जावं लागेल. ईश्वरदासजींनी थर्मासातला चहा ओतून माझ्या हातात दिला. सुमित्राबाई जवळ सरकून म्हणाल्या, "मी बोलली त्याचं वाईट नको मानू, बाई. पण मंग आता काऊन बसून राहिली? पाय तं चांगले चालून राहिले तुह्ये."

परत येताना त्या माझा हात धरून चालल्या. वाटेत सगळ्यांनी मला पुढच्या रविवारचं ठिकाण सांगितलं. मी येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. अशी माणसं मला या वयात भेटली.

पण एक गोष्ट मी पाळीवरही सांगितली नाही. ती आधी तुला सांगायला हवी.

तू गेल्यावर आठ दिवसांनी फोन केला होतास. सासूला नेहमी म्हणायचीस तसं मामीजीच म्हणालीस. "मामीजी, माझी नर्सिंगची फाइल तिथे राहिली. बघता का?" मी म्हणाले, दिसत नाही. दिसत होती, पुष्पा. हिमांशुने माझ्याच हातात दिली होती, "तिला देऊ नको" म्हणून. मी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून धानाच्या कोठीमागे ठेवली. नवे दाखले काढायला तू नागपूरच्या किती चकरा मारल्यास, ते वच्छलाकडून कळत होतं. ऐकायची आणि कुकरमध्ये भात लावायची. तू फाइलशिवाय अडशील, मग परत येशील, असं वाटायचं. खरं सांगायचं तर हिमांशुची भीतीही वाटायची.

रविवारी घरी आले आणि त्याच्यासमोर फाइल बाहेर काढली. तो ओरडला, "आता कायले उकरून राहिली?" मी म्हटलं, "तिची वस्तू तिले देऊन राहिली. तुले विचारून नाही राहिली." तो जेवला नाही. मी जेवले.

सुमित्राबाई उद्या गावी निघाल्या आहेत, त्यांच्या हाती फाइल पाठवते. तुझ्या नर्सिंगच्या शपथविधीचा, तुझ्या बाबांसोबतचा फोटो आत आहे. बाबा गेल्यावर तो फोटो तू किती शोधला असशील, याचा विचार करवत नाही.

माफी मागते, ती द्यावीस म्हणून नाही. त्या बाईची नात तू जगवलीस, तुझी मी कुणी असते तर अभिमान वाटतो असं लिहिलं असतं. तरीही वाटतो. उत्तर नको लिहूस. फाइल पोचली, एवढं सुमित्राबाईंना सांग.

पाण्यातून जाताना जपून जात जा.

बोलायच्या दिवशी न बोललेली,
निर्मला