ग्राहक हयात आहे का

धायरी, पुणे
२८ सप्टेंबर २०२४

चि. प्रज्ञेश,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू कसा आहेस ते विचारत नाही. उत्तर द्यायची तुला सवय राहिलेली नाही.

हे पत्र रामदासमामा स्वतः आणून देईल. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर तू दोन वर्षं त्याला दिसलास, यंदाही दिसशील असं धरून चालले आहे. आपल्यातल्या माणसाला लपायचं असेल तर त्याने विजयादशमीला नागपुरात फिरकू नये, एवढी साधी अक्कल तुला नाही, याचं मला बरंच वाटतं. कुणाला सांगू नका म्हणून तू त्याला गळ घातलीस, आणि त्याने पुण्यात उतरल्या उतरल्या मला सांगितलं. धाकटा भाऊ आहे, माझ्यापुढे त्याचं तोंड बंद राहत नाही. माझं मात्र राहिलं. बाबांना ठाऊक नाही, अक्षतालाही नाही. त्यांच्या लेखी तू घर सोडून गेलास तो गेलासच.

बाबांची फुफ्फुसं जवळजवळ निकामी झाली आहेत. बिड्या कुणी ओढायला सांगितल्या होत्या, हा प्रश्न मी आता विचारत नाही. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस घरघरत असतं. नाकातली नळी पुरते तेवढंच त्यांचं जग: पलंग, खुर्ची, संडासचं दार. यंत्र विजेवर चालतं, आणि आपल्या गल्लीतली वीज कशी आहे ते तुला आठवत असेल. ती गेली की सिलिंडरची किल्ली फिरवायची. माझ्या मनगटांना ती आता दाद देत नाही. मागच्या उन्हाळ्यात एकदा बाबांचे ओठ निळे पडले तरी ती फिरेना. शेजारची नम्रता धावत आली म्हणून निभावलं. पुढच्या वेळी ती घरात असेलच असं नाही.

म्हणून अक्षताने छतावरच्या सौर पॅनेलचं काढलं. सरकार अनुदान देतं, बिल नावापुरतं उरतं, आणि डोक्यावर स्वतःची वीज असल्यावर बाहेरची गेली काय नि राहिली काय. मला पटलं. बसवून देणारा दिग्विजय नावाचा मुलगा गच्चीवर गेला आणि सासुरवाडीला आल्यासारखा खूश झाला. "मॅडम, सावलीच नाही हो कुठे. गोल्ड आहे ही टेरेस." आम्ही इतकी वर्षं त्या उन्हाला शिव्या देत होतो. मग त्याने विजेचं बिल मागितलं आणि त्याचा चेहरा उतरला. घर ज्याचं, मीटर त्याचं, आणि अनुदानही त्याच्याच खात्यात. "हे प्रज्ञेश सर कुठे असतात?" मी म्हटलं, बाहेरगावी. "मग त्यांना फक्त एक ओटीपी द्यायला सांगा ना."

फक्त.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा बाबांनी हे घर घेतलं आणि हौसेने तुझ्या नावावर केलं. स्वतःच्या नावावर ठेवा, असं मी म्हटलं होतं. पोरगं काय परकं आहे का, म्हणाले. मग तू अक्षताच्या लग्नात पिऊन आलास, आणि त्याच बाबांनी पाहुण्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारून तुला तुझ्याच घरातून बाहेर काढलं. कायद्याने बघितलं तर तेव्हापासून आम्ही तुझे भाडं न देणारे भाडेकरू आहोत. बिल मात्र वेळेवर भरते. वीज कंपनीच्या दृष्टीने तू आदर्श ग्राहक आहेस.

मी स्वतः त्यांच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "ग्राहक हयात आहे का?" मी म्हटलं, हे मला विचारताय? दर महिन्याला बिल तर तुम्ही त्यालाच पाठवता. हयात असेल तर घेऊन या, मयत असेल तर दाखला आणा, म्हणाल्या. हयात आहे आणि येत नाही, अशा माणसासाठी त्यांच्याकडे रकाना नाही. सूर्य फुकट आहे, पण त्यासाठी माणूस एक तर समोर पाहिजे नाही तर मेलेला पाहिजे.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. इतका वेळ टाळलं.

सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मृत धरू शकतं. अक्षताने वकील गाठली, बाबांनी सही केली आणि मीही केली. पेपरात जाहीर नोटीस आली: सदर इसमाबाबत कोणास माहिती असल्यास कळवावे. मला माहिती होती. मी ती नोटीस वाचली आणि पेपर रद्दीत ठेवला. अठरा नोव्हेंबरला माझी साक्ष आहे. पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगायचं, की मुलाबद्दल मी काहीही ऐकलेलं नाही. रोज सकाळी मी पंचशील म्हणते. चौथं शील काय आहे ते तुला पाठ आहे, मीच करून घेतलं होतं. आणि कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलल्यावर सिस्टर काय करायच्या ते माझ्या बोटांना अजून आठवतं.

अक्षतावर रागावू नकोस. तिला बाप वाचवायचा आहे. भाऊ तर तिच्या मते केव्हाच संपला.

तारखेआधी ये. येणार नसशील तर मामाबरोबर एक ओळ पाठव, जिवंत आहे एवढीच. ती मी कोर्टापुढे ठेवीन आणि बाबांच्या हातात देईन. मग ती पॅनेल गेली खड्ड्यात, सिलिंडरची किल्ली मी दातांनी फिरवीन.

उत्तराची वाट पाहणारी,
आई

*

धायरी, पुणे
११ मे २०२५

प्रज्ञेश,
जय भीम.

चिरंजीव लिहीत नाही. कोर्टाचा अवमान होईल.

मामा परत आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. तू पत्र उभ्यानेच वाचलंस म्हणाला. वाचून पुन्हा वाचलंस, मध्ये एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिलेस आणि पत्र खिशात घातलंस. मग त्याला म्हणालास, "मामा, मी भेटलो नाही असं सांगा." त्याने माझ्यापुढे यातला शब्दही बदलला नाही. सांगून झाल्यावर तो माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला. मी त्याला चहा करून दिला. मला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. मला बसायला खुर्ची दिली. आपल्या मुलाची काही खबर, काही निरोप, असं हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, टायपिस्टने ते उतरवून घेतलं, आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. तुला दोष देत नाही असं म्हणणार नाही, देतेच. तू सांगायला लावलंस तेच मी सांगितलं, फक्त शपथेवर.

निकाल जानेवारीत लागला. एवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. घराला नाव लागेल, मीटरला नाव लागेल आणि संपेल. पण खडकीच्या आपल्या जुन्या वस्तीतली माणसं भेटायला यायला लागली. सुंदराबाई म्हणाल्या, "कोर्टानंच सांगितलंय तर आता पुण्यानुमोदनाची तारीख धर बाई. असं कसं ठेवायचं पोराला?" वकील, पॅनेलवाला, खिडकीतल्या बाई, यातल्या एकालाही मेल्यानंतरचा हा विधी सुचला नव्हता आणि मलाही नाही. मी टाळत राहिले. बाबांनी मात्र धरून ठेवलं. त्यांना ते हवं होतं.

अंगणात मांडव घातला. भन्तेजी आले. तुझा इंजिनिअरिंगच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता, त्याला अक्षताने हार घातला. सगळ्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला मी नुसते ओठ हलवले. मग एकेकजण उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलला. तू किती चांगला होतास हे मला त्या दिवशी कळलं. नळी लांब करून बाबांना दारात खुर्चीवर बसवलं होतं. कुणी त्यांना बोला म्हटलं नव्हतं, तरी ते बोलले. एकेक शब्दाला श्वास घेत.

"मीच मारला त्याला. एका थोबाडीत."

मी त्यांच्या शेजारीच होते. एक वाक्य बोलायचं होतं: अहो, जिवंत आहे तो. पण त्यावर ते पहिलं विचारणार होते, मग येत का नाही. त्याचं उत्तर मामाने मला स्वयंपाकघरात दिलं होतं. मुलगा मेला, हे त्यांना झेपत होतं. मुलगा आहे, आपण मरायला टेकलोय हे त्याला कळलंय आणि तो सुटे पैसे देत उभा आहे, हे झेपलं नसतं. मी त्यांना पाणी दिलं.

पॅनेल एप्रिलमध्ये लागली. काळी, चकचकीत, गच्चीभर. दिग्विजयने माझा त्यांच्याबरोबर फोटो काढला, अनुदानासाठी तो लागतो. बिल खरंच उतरलं, ते आता माझ्या नावाने येतं. आणि पंधरा दिवसांनी भर दुपारी, डोक्यावर ऊन रणरणत असताना, वीज गेली. यंत्र थांबलं.

अक्षता घरी होती म्हणून सिलिंडर लागला. मग तिने दिग्विजयला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. "ताई, लाइन गेली की सिस्टिमपण बंद होते. खांबावर माणूस काम करत असतो ना, त्याला शॉक बसू नये म्हणून. बॅटरीवाली सिस्टिम वेगळी. तिला अनुदान नाही." त्याचं काही चुकलेलं नव्हतं. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकून टेलिफोन खात्यात सुपरवायझर झालेली मी, हिंजवडीत टीम सांभाळणारी तुझी बहीण, इतक्या महिन्यांत दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. आम्ही सगळा वेळ तुला मारण्यात गुंतलो होतो.

अक्षता जिन्यात बसून राहिली. "आई, मग आपण कशासाठी केलं गं हे सगळं?" तिला यातलं अर्धंच ठाऊक आहे. मी म्हटलं, बिल कमी आलंय ना.

एक बदल झाला आहे, तो सांगायला हवा. बाबा तुझ्याबद्दल बोलायला लागले आहेत. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. आता जेवताना म्हणतात, प्रज्ञेशला पिठलं आवडायचं. अगं, त्याने एकदा फॅक्टरीच्या गेटवर माझी वाट पाहिली होती पावसात, आठवतं का. मेलेल्या मुलावर त्यांचा राग राहिलेला नाही. रात्री झोपतात. तुझ्या फोटोकडे तोंड करून झोपतात.

तू दारात उभा राहिलास तर हे सगळं त्यांच्याकडून काढून घेतलं जाईल, आणि ते सोसायला त्यांच्याकडे श्वास नाही. मी तुला ये म्हणून लिहिलं होतं ते मागे घेते. ते असेपर्यंत येऊ नकोस. हे पत्र विजयादशमीला मामा तुझ्या हातात देईल. तोवर ते गेले, तर हा परिच्छेद मी खोडलेला असेल.

निकालानंतरही तुझी,
आई