टक् वाजलं पाहिजे

८ मे, बुधवार

लेकीचा फोन. सोमवारी बाळाला घरी सोडतायत. आठव्या महिन्यातच आली बया, त्यामुळे इतके दिवस डॉक्टरांच्या ताब्यात. मी सख्खा आजोबा, पण अजून हातात घेतलेली नाही. डॉक्टरांनी बजावलंय की येताना उन्हाची झळ लागता कामा नये. बाहेर डांबर वितळतंय. मी ताबडतोब जाहीर केलं, नात आजोबांच्या गाडीतून गारेगार येईल.

संध्याकाळी एसी लावून पाहिला. तापलेल्या तव्यावर तोंड धरल्यासारखं झालं.

जावईबापूंनी टॅक्सी सांगून ठेवू का, असं विचारलं. मुलगा गुणी, पण आत्मविश्वास कमी.

संकल्प: एसी स्वतः दुरुस्त करणे. शांत डोक्याने.

९ मे, गुरुवार. सकाळी

व्हिडिओ पाहिले. प्रकार अगदी सोपा आहे. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा क्लच लागतो, म्हणजे पुढची लोखंडी प्लेट चुंबकाने फिरत्या पुलीला चिकटते. तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. आमच्याकडे टक् नाही. रोग सापडला.

दुपारी

आधी फ्यूज पाहिला. ठीक. मग एसीचा रिले, म्हणजे करंट जोडणारी छोटी डबी, काढून तिथे हॉर्नचा लावून पाहिला. टक् नाही. पुन्हा अदलाबदल केली, तर हॉर्नही गेला. हॉर्न हा मुळात असभ्य प्रकार आहे.

स्वस्थ बसवत नाही. जेवताना दोनदा उठून खाली जाऊन आलो. ही म्हणाली, गाडीलाच ताट वाढू का?

१० मे, शुक्रवार

मीटर लावला. क्लचपर्यंत करंट येतोय, म्हणजे वायरिंग निर्दोष. सकाळी गार इंजिनावर एकदा स्पष्ट टक् ऐकू आलं! हिला खाली बोलावलं. ती गॅस बंद करून, पदराला हात पुसत येईपर्यंत इंजिन तापलं आणि टक् बंद. तिने वाकून बॉनेटखाली पाहिलं. मग म्हणाली, मला काही ऐकू येत नाही, पण तुम्हाला येत असेल तर छानच.

निदान पक्कं: प्लेट आणि पुली यांच्यातली फट झिजून वाढली आहे. गरम झालं की चुंबकाला प्लेट ओढवत नाही. उपाय: प्लेट काढायची, आतली एक पातळ वॉशर कमी करायची, प्लेट परत लावायची. बस्स.

गॅरेजवाल्याचा आपणहून फोन. बहुतेक हिनेच लावलेली कळ. उद्या आणा, संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला. मी सांगितलं, काम जवळजवळ झालंय.

११ मे, शनिवार

नट फिरवला की प्लेटही फिरते. प्लेट धरावी तर पाना निसटतो. शेवटी चाक काढून, आडवा होऊन, पायाने रेटा दिला. निघाली! आत वॉशर होत्या. किती होत्या ते मोजायच्या आतच त्या कुठेतरी खाली पडल्या. टॉर्च लावून शोधल्या. नाहीत.

विचार केला. एक काढल्याने फट कमी होते, तर सगळ्या काढल्याने आणखी कमी होईल. एसी दुप्पट गार. तशीच बसवली.

जावईबापूंचा फोन. टॅक्सीचं नावही काढू नका, असं प्रेमाने सांगितलं. ही म्हणते, प्रेम पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू गेलं.

१२ मे, रविवार

गार वारा आला! मिनिटभर.

आता फट उरलीच नाही, त्यामुळे एसी बंद असला तरी प्लेट पुलीला घासते. किंचाळण्यासारखा आवाज. लोक बाल्कनीत आले. एकाने कुत्र्याला काही झालं का म्हणून विचारलं. मग जळका वास, धूर, आणि फाडकन पट्टा तुटला.

नशीब, एसीचा पट्टा वेगळा आहे. गाडी चालते. सर्व काचा उघडल्या तर हवा चांगली खेळते. हिला हे समजावून सांगितलं. ती आत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलत होती.

१३ मे, सोमवार

दवाखान्याच्या दारात टॅक्सी उभी. लेक, जावई, बाळ आणि ही, सगळे तिच्यात. माझ्याकडे बॅगा, उशा, बाळाचा टब. सामान जबाबदार माणसाच्याच हाती देतात.

सिग्नलला नेमका त्यांच्या मागे आलो. मागच्या काचेतून पिवळं दुपटं हलल्यासारखं दिसलं. मी हात केला. टॅक्सीवाल्याने आरशात बघून उलट हात केला.

घरी पोचलो तर बाळ जागं होतं. दोन्ही हात पुढे केले. लेकीने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत, रेषारेषांत काळं ग्रीस. बाबा, आधी हात धुऊन या ना, म्हणाली. रागावली नव्हती.

साबणाने धुतले. जाईना. थिनरने धुतले. ग्रीस गेलं, वास राहिला. पुन्हा साबण. बाहेर आलो तोवर नात झोपली होती.

जावईबापू म्हणाले, घ्या ना बाबा, काही होत नाही. मीच नको म्हटलं.

दारातूनच पाहिली. कान थेट माझ्यासारखा, बाहेर आलेला.

हातांना अजून वास येतोय.