हिरव्या स्विचला काय काय येतं

तीर्थरूप एवेलियोकाकांना मायेलीनचा नमस्कार. मातान्सासची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवत असेल आणि काकूंच्या कोंबड्या अजून अंडी देत असतील, अशी आशा करते. इकडे लुयानोत सगळं ठीक. बाबांचे पाय चौथ्या मजल्यावरून खाली यायला तयार नाहीत, तोंड मात्र गल्लीभर फिरतं.

ते फिरतं आमच्या नेटवर्कवरून. (इंटरनेट नव्हे हो, गच्च्यांवरून केबली ओढून घरं आपापसांत जोडली आहेत. त्यावर पोरं लढाया खेळतात आणि बाबा दोस्तांबरोबर डॉमिनो.) सगळ्या केबली शेजारच्या सोराइदाच्या घरच्या स्विचमध्ये (तुमच्या एक्स्चेंजसारखी, निरोप ज्याच्या त्याच्या घरी वळवणारी पेटी) येतात, कारण तिचं घर मधोमध आणि ती कधी घर सोडत नाही. तुम्ही जन्म टेलिफोनच्या वर्कशॉपात काढलात, म्हणून तुम्हालाच लिहिते. सोराइदाकडे आधी जुना हिरवा स्विच होता. त्याचा पंखा असा घोंघावायचा की मालिका लागली की सोराइदा त्याच्यावर उशी ठेवायची. (उशीवर मांजर.) शेवटी मी नवा पांढरा बसवला, हलका, गुपचूप आणि भलताच वेगवान, आणि गल्लीत मान ताठ करून फिरले.

मग सोराइदानं झाडलोट केली. एका केबलीचं दुसरं टोक, नव्या भाडेकरूसाठी ठेवलेलं, लोंबत होतं. टापटिपीच्या बाईला ते बघवेना, म्हणून तिनं तेही त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचलं. तेच ते निरोप आतल्या आत गोल फिरत राहिले आणि अख्खी गल्ली आडवी झाली. बाबा अडकलेल्या डावाच्या पडद्यासमोरून हलेनात, ते मला बघवलं नाही. मी गच्चीवर एकेक केबल तपासली, शेजारच्या निकानोरच्या कबुतरांवर आळ घेऊन त्याच्याशी भांडलेही. तेवढ्यात खालून सोराइदा म्हणाली, "अगं, मी दर शनिवारी तसंच खोचते. हिरव्यानं कधी तक्रार केली नाही."

मला चैन पडेना. दोन्ही स्विच तिच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तेच टोक हिरव्यात खोचलं, तर स्वारीनं जरा विचार केला, एक दिवा नारिंगी केला आणि तेवढं भोक बंद करून बाकीच्यांचं काम चालू ठेवलं. पोरांच्या लढायांना एक वाट, म्हाताऱ्यांच्या डॉमिनोला दुसरी, हेही त्याला जमतं. पांढरा सगळ्यांना एकाच वाटेत कोंबतो. मोठे सिनेमे पाठवायचे तर मात्र हिरवा दमतो आणि पांढरा पळतो. तरी मी हिरवाच परत जोडला. काका, याला आणखी काय येत असेल? माहितीपुस्तिका नाही, म्हणून मी रोज एक आज्ञा टाइप करून बघते. परवा त्यानं स्वतःला किती ताप आहे ते सांगितलं. काल पंखाच बंद पडला.

काकूंना नमस्कार.

तुमची
मायेलीन

ता. क. याच मॉडेलचा एक तुमच्या माळ्यावर पडलाय ना? त्याचा पंखा मिळेल का?

आणखी एक ता. क. पंखा नको. निकानोरनं आत्ताच जुना साफ करून चालू केला. (कबुतरांचं पीसच निघालं.) खरं ते लिहिते. बाबांचा भिडू प्रिमितिवो मुलीकडे परदेशी ताम्पाला गेला, आता डॉमिनोच्या डावात चौथी जागा रिकामी आहे. मी दोघातिघांची नावं सुचवली, बाबा नको म्हणाले. तुम्ही डबल नऊची सोंगटी हातात धरून डाव घालवलात, बाबा तुम्हाला गाढव म्हणाले आणि तुम्ही न जेवता निघून गेलात, हे मला ठाऊक आहे. पण काल पंखा बंद पडला तेव्हा म्हणाले, "एवेलियोला लिही. म्हणावं, नाजूक वस्तू आहे, पोस्टानं धाडू नको, स्वतः घेऊन ये." पंखा फिरायला लागलाय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही रिकाम्या हातानं या.