मुराळी आल्याबिगर मिलमध्ये पाऊल न्हाई

५ नोव्हेंबर
माझी जागा तुळजाबाईला दिली! दारातली जागा! बसलिंगप्पाच्या डाळ मिलमध्ये आम्ही बाया ओळीनं बसून डाळीतले खडे निवडतो. दारात उजेड, वारं, येणारं-जाणारं दिसतं. तिथं मी बसत आले. आज मुनीम व्यंकटराव म्हणतो, धुरपताबाई, तुम्ही आत भिंतीकडं सरका, तुम्ही दारात असलात की हमाल पोतं पाठीवर घेऊन तुमच्याशी भांडत उभे राहतात. मी हमालांना शिस्त लावते ते दिसलं न्हाई. तुळजाबाई तोंड उघडत न्हाई म्हणून तिला दार. मग म्हैस आणून बांधा की, म्हणलं. सूप आपटलं अन् घरी आले.
दिवाळीच्या आत नवी नोकरी. ठरलं.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
सून सिंधु म्हणाली, आत्याबाई, भिंतीकडं बसलं तरी मजुरी तीच की. हिला इज्जत म्हणजे काय ते ठाऊक न्हाई. वर म्हणाली, पाऊस न्हाई, रानात काम न्हाई, हे ऊसतोडीला गेले, तुमच्या मजुरीवरच चूल हाय. मला शिकवून राहिली! 'हे' म्हणजे माझंच शेंडेफळ, ग्यानोबा. चूल मीच मांडलेली.
मिलला दिवाळीची घाई. बोलवायला येणारच. पण सासरी गेलेली लेक दिवाळीला आपल्या पायानं माहेरी जाते का? न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. पहिल्याच बुलाव्याला उठून गेलं की किंमत गेली. सिंधुला ऑर्डर दिली, मिलचं कुणी आलं तर म्हणायचं, आत्याबाई घरी न्हाईत, नव्या नोकरीवर गेल्यात. तिसऱ्या बुलाव्याला विचार करीन.

६ नोव्हेंबर
लातूर आता जिल्हा झाला. गल्लोगल्ली हापिसं, हापिसात साहेब. एवढ्यात माझ्यासारख्या एक्सपिरियन्सवालीला जागा न्हाई असं होईल का? नोकरीसाठी नाव लिहून घेतात त्या हापिसात गेले. क्लार्क म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. शिक्षण विचारलं. म्हणलं, प्रौढांच्या वर्गात शिकले, आता रोजनिशी लिहिते, तू लिहितोस का? जन्मतारीख विचारली. म्हणलं, तारीख न्हाई, पण रझाकारांच्या वेळी गाव सोडून पळालो तवा थोरली हाताला होती अन् दोघं कडेवर. त्यानं बोटं मोजली. म्हणाला, आजी, तुमची रिटायरमेंट होऊन गेली, नोकरी तेवढी राहिली.
सगळं हापिस हसलं. मग म्हणाला, आता सुट्ट्या लागतात, दिवाळीनंतर बघू.
डिमांड असल्याबिगर कुणी परत बोलवतं का?

७ नोव्हेंबर
साहेब लोकांच्या क्वार्टरमध्ये फराळ करायला बाई पाहिजे असं ऐकून गेले. मॅडम पुण्याकडची. पहिला घाणा तिनंच काढला होता. एक चकली चावून बघितली. म्हणलं, ताई, ही साहेबांना देऊ नका, दात पडले तर सरकार भरून देत न्हाई. तिला गंमत कळत न्हाई.
तेवढ्यात टँकर आला. तिनं माझ्या हातात घागर दिली. म्हणाली, फराळ माझा मी करीन, तुम्ही रोज पाण्याच्या लायनीत उभ्या राहा, एवढंच काम. माझ्या हाताची चव घागरीत घालू का? निघून आले.
उद्यापासून तोंडावर ताबा. एकदम पक्का.

७ नोव्हेंबर, दिवेलागण
मिलचा हमाल नागप्पा येऊन गेला! मी रिकाम्या कणगीमागं बसले. सिंधुनं ठरल्यासारखं सांगितलं. तो म्हणाला, बरं. नुसतं बरं. दोन शब्द जास्त बोलला असता तर जीभ झिजली असती का?
असो. बुलावा पहिला.

९ नोव्हेंबर
महादेवप्पाच्या साडी दुकानात लागले. दिवाळीपुरतं, साड्या उलगडून दाखवायचं काम. ताबा ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठेवला.
मग एक बाई जांभळी साडी घेत होती. रंग जाईल, एवढंच म्हणलं. तेही तिनं विचारलं म्हणून. विचारलं नव्हतं, पण तोंडावर दिसत होतं. तिच्या बरोबरच्या बायाही उठल्या. आधीच दुष्काळ, गिऱ्हाईक कमी. महादेवप्पा म्हणाला, आजी, तुम्ही दुकानाच्या का गिऱ्हाइकाच्या? म्हणलं, मी खऱ्याची. म्हणाला, मग जेवायलाबी खऱ्याच्याच घरी जा.
नोकरी मीच सोडली. बसून बसून पाय आखडत होते.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

आज मुनीम स्वतः आला. मी कणगीमागं, पायाला मुंग्या. धुरपताबाई हायत का, विचारलं. आवाज मऊ. मला वाटलं, दारातली जागा घेऊनच आला. सिंधु म्हणाली, आत्याबाई नव्या नोकरीवर गेल्यात. कुठं, म्हणाला. पोरीनं डोकं चालवलं. म्हणाली, कलेक्टर हापिसात. मला आतल्या आत लई बरं वाटलं.
मुनीम म्हणाला, चला, म्हातारीचं सोनं झालं. मला घोर होता, एवढ्या दुष्काळात कुठं जाईल म्हणून. आता बाई तर पाहिजेच, मग तूच चल की सिंधु. आत्ताच चल. दिवाळीची साडीबी मिळंल.
मी ओरडणार होते. पण मी तर कलेक्टर हापिसात होते.
सिंधुनं चपला घातल्या. जाता जाता लेकीला मोठ्यानं म्हणाली, उमे, आज्जी येईपर्यंत दारातच खेळ. ते मला ऐकवलं.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
सिंधु साडी घेऊन आली. रंग जाणार न्हाई, बघितलं. म्हणाली, मी भिंतीकडं बसते, काही फरक पडत न्हाई. दारात कोण, विचारलं. म्हणाली, कुणीच न्हाई, तिथं वजनाचा काटा मांडला. तुळजाबाईसुद्धा आत.
माझी आठवण काढतात का, विचारलं. म्हणाली, हमाल काढतात. पोती आता लवकर उतरतात म्हणतात.

१३ नोव्हेंबर, पाडवा
सिंधुबरोबर निरोप पाठवला. आत्याबाई कलेक्टरची नोकरी सोडून यायला तयार हायत, भिंतीकडंही चालंल. मुनीम म्हणाला, सरकारी नोकरीत जी टिकली न्हाई, ती आमच्याकडं काय टिकंल?

१४ नोव्हेंबर, भाऊबीज
नवी नोकरी लागली. मालकीण उमी, माझी नात, बोबडी हाय पण हुकूम साफ करते. सकाळी सिंधु मिलला गेली की हजर व्हायचं. भरव, धू, घोडा हो. पगार न्हाई. आज शिस्त लावायला गेले तर चावली.
दिवसभर आज्जी, आज्जी, आज्जी. ओ देऊन देऊन घसा बसला. सिंधुला सांगून ठेवलं हाय, दिवसा मी. रात्री पोरगी उठून पाणी मागंल, तवा ओ तू द्यायची. मला उठवायचं न्हाई.